तेविसातला पहिला पत्ता

नवी मुंबईत पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस आहे. खाली रबराची वायसरं कापणारा कारखाना, वर आम्ही. दिवसभर फरशी थरथरत असते आणि केसांना जळक्या रबराचा वास लागतो तो घरी गेल्यावरही जात नाही. मी अजून तिथेच नोकरीला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याविषयी कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आसपासच्या छोट्या कारखान्यांची कामं आमच्या सर्व्हरवर चालतात. कुणाचे गेटपास, कुणाची हजेरी, कुणाचा माल किती आला नि किती गेला. तेव्हा या सगळ्यांसाठी एकच जुना लिनक्स सर्व्हर होता. त्याला नेटवर्कची वायर लावायची दोन तोंडं, म्हणजे पोर्ट, होती, त्यातलं एक केव्हाच जळालेलं. उरलेल्या एकावर तेवीस आयपी पत्ते चढवलेले. एका दारावर तेवीस पाट्या लावाव्यात आणि पोस्टमनने कुठल्याही नावाचं पत्र आणलं तरी दार तेच उघडावं, तसा प्रकार. लिनक्सला त्याचं काही वाटत नाही. एका ओळीचा हुकूम दिला की पत्ता चढतो, एका ओळीचा दिला की उतरतो.

पण असा नुसत्या हुकमाने चढवलेला पत्ता मशीन चालू असेपर्यंतच टिकतो. कायमचा हवा असेल तर तो एका फाइलमध्ये लिहून ठेवावा लागतो. हे लिनक्सच्या कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. आमच्या तेविसातले सहा पत्ते फाइलमध्ये होते. उरलेले सतरा काकांच्या डोक्यात होते.

काका म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने माणूस. मराठवाड्यातल्या खेड्यातून आयटीआय करून इकडे आले, आधी मशीन दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर, मग हा सर्व्हर. इंग्रजी वाचायला अडखळायचे. पण एकदा ऐकलेला आकडा ते विसरत नसत. कुठल्या कारखान्याचा कुठला पत्ता, तो कधी चढवला, त्या दिवशी डब्यात काय होतं, हेसुद्धा सांगायचे. आम्ही चेष्टा करायचो, काका, तुमची एक कॉपी काढून ठेवायला पाहिजे. ते हसायचे. डिग्री नव्हती, गोड बोलणं नव्हतं, शेठच्या पुढेपुढे करणं नव्हतं. स्मरणशक्तीवरच हा माणूस त्या खुर्चीत बसला होता, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

फाइलमध्ये का लिहीत नाही, असं मी सुरुवातीला दोनतीनदा विचारलं. म्हणाले, "एकदा फाइल बदलली तर सगळं नेटवर्क झोपलं होतं, ताई. चालू हाय ना? मग हात लावायचा नाय." मशीन वर्षानुवर्षं बंदच करायचं नाही, हा त्यावरचा त्यांचा उपाय. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. तोंडावर म्हटलं नाही कधी, पण घरी नवऱ्याला सांगताना मी त्यांची नक्कल करायचे, अगदी आवाजासकट.

मी चार वर्षं घरी बसून पुन्हा नोकरीला लागले होते. मुलगी लहान, सीवूड्सला घर, घराजवळ पाळणाघर. सासूबाई रोज सकाळी एकच विचारायच्या, "जमतंय ना तुला?" त्यात वाईट काही नव्हतं. पण रोज तेच ऐकलं की डोक्यात जातं. त्यात माझं कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं होतं आणि वर्ष संपायला आलं होतं.

त्या सुमारास एक रंगाचा कारखाना बंद पडला. तेविसातला एक पत्ता त्यांचा होता, अगदी पहिला. तो आता नव्या गिऱ्हाइकाला द्यायचा होता, दुसऱ्या मशीनवर. एकच पत्ता दोन मशीनवर राहिला तर दोघांची भांडणं लागतात, म्हणून आमच्या मशीनवरून तो उतरवायला हवा होता. एवढंच काम.

त्या कामाच्या आदल्या संध्याकाळी काका बेसिनपाशी डबा धूत होते. मी खांद्याला पर्स लावून निघालेली. ते न वळताच म्हणाले, "ताई, उद्या मी दुपारपर्यंत नाय. वाशीला डोळ्याच्या दवाखान्यात जायचंय. तेवढा रंगवाल्यांचा पत्ता काढू नका. पहिला हाय तो. पहिला काढला की मागचे सगळे जातात. मी आलो की बघू."

"हो काका," म्हटलं आणि बस पकडायला पळाले.

दुसऱ्या दिवशी मला ते आठवत होतं. विसरले असते तर आज हे लिहीत बसले नसते. शब्द न् शब्द आठवत होता, डब्याच्या झाकणाचा आवाजसुद्धा. पण अकराच्या सुमारास शेठ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, नवीन पार्टी थांबलीय. तुम्हाला जमेल ना? की काकांची वाट बघायची?"

जमेल ना. घरातही तेच, इथेही तेच. माझं डोकंच फिरलं. मनात म्हटलं, काकांना काय, प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची सवय. काढायला सांगितला एक, तर मशीन एकच काढेल ना? बावीस कसे जातील? माणसाला आपल्याशिवाय पान हलत नाही असं दाखवायचं असतं. सर्व्हरच्या खोलीत जायचासुद्धा कंटाळा केला. टेबलावरूनच त्या मशीनमध्ये शिरले, एका ओळीचा हुकूम लिहिला, एंटर दाबलं.

पडदा जागच्या जागी गोठला. मला वाटलं, नेट स्लो असेल.

मग पहिला फोन वाजला. तो उचलेपर्यंत दुसरा.

सर्व्हरच्या खोलीत पळत गेले, तिथल्या मॉनिटरवर पाहिलं, तर पोर्टावर एकही पत्ता नाही. तेवीसच्या तेवीस उतरलेले. जुन्या लिनक्सचा तो रिवाजच होता. एका गटातले पत्ते एका पोर्टावर चढवले की आधी चढलेला तो मुख्य, बाकीचे त्याचे दुय्यम. मुख्य गेला की दुय्यमांना तिथे राहायचा अधिकार नाही. पुस्तकात हे लिहिलेलं असतं. मी ते पान कधी उघडलं नव्हतं, काका ते न वाचता जाणून होते.

फाइलमध्ये होते त्यातले पाच परत आणले. सतरा राहिले. त्या पत्त्यांच्या अधल्यामधल्या आकड्यांवर दुसरी मशीनं होती, त्यामुळे अंदाजाने चढवायची सोय नव्हती, एक चुकला की आणखी एक बंद पडणार. आज शांतपणे विचार केला तर कळतं, ती यादी प्रत्येक कारखान्याच्या प्रोग्रॅममधून शोधून काढता आली असती. तेव्हा सुचलं नाही. मी काकांना फोन लावला.

त्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, बाकावर डोळे मिटून बसले होते. मी रडत रडत सांगितलं, सगळे पत्ते गेले. कसे गेले, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "रडू नका. पेन घ्या. दिसत नाय मला काय, पण सांगतो."

आणि त्यांनी सांगितले. सतराच्या सतरा, एकामागून एक, कारखान्याच्या नावासकट. मागे कंपाउंडर कुणाला तरी हाका मारत होता, कुणाचं मूल किंचाळत होतं, आणि ह्यांचा आवाज शांत. "घेतला? वाचून दाखवा. बरोबर. पुढचा." एकही चुकला नाही. मी एकेक चढवत गेले आणि फोन एकेक करून थांबत गेले.

तरी पाऊण तास गेला होता. तेवढ्यात एका कारखान्याच्या गेटवर पास निघेनात म्हणून ट्रकची रांग रस्त्यापर्यंत आली आणि तिथल्या मालकाने शेठना फोनवर वाट्टेल ते सुनावलं.

दुपारी काका दवाखान्यातून थेट ऑफिसात आले, काळा चष्मा लावून, भिंतीला हात लावत. मी त्यांना पाणी दिलं. आभार मानायला तोंड उघडणार, तोच शेठनी दोघांना आत बोलावलं.

शेठ आधी काकांवरच घसरले. पत्ते फाइलमध्ये का नव्हते, हे काय घरचं दुकान आहे का, आणखी बरंच. काका खाली मान घालून ऐकत होते. फाइलची चूक त्यांची होतीच, त्यांनी ती नाकारली नाही. मग ते म्हणाले, "पण शेठ, पहिला काढायचा नाय हे मी ताईंना काल सांगितलं होतं."

शेठ माझ्याकडे वळले. "मॅडम, सांगितलं होतं यांनी?"

मला तो क्षण अजून जसाच्या तसा दिसतो. खालच्या मशीनचा आवाज, टेबलावर शेठचा अर्धा प्यायलेला चहा. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, सही न झालेलं. सासूबाईंचा चेहरासुद्धा येऊन गेला.

मी म्हटलं, "नाही."

काकांनी मान वर केली. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसले नाहीत. मला वाटलं, आता हे चिडतील, भांडतील, बेसिनचं, डब्याचं सगळं काढतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मी तिथेच कबूल केलं असतं. निदान स्वतःला तसं सांगते. पण ते हळू आवाजात म्हणाले, "सांगितलं असं वाटत होतं मला. राहिलं असेल मग. ताई कशाला खोटं बोलतील?"

शेठनी त्यांना काढलं नाही. फक्त म्हणाले, "वय झालं काका, होतं असं. आता सर्व्हरचं मॅडम बघतील." माझ्या कॉन्ट्रॅक्टवर त्याच आठवड्यात सही झाली.

पुढचे तीन महिने मी जे पाहिलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. काकांनी एक वही घेतली. आधी त्यात पत्ते लिहिले. मग कुलूप लावल्याचं लिहायला लागले. मग कुणाशी काय बोललो ते. चहा पिताना मध्येच थांबून विचारायचे, "ताई, मघाशी मी तुमाला हेच सांगितलं का?" सांगितलेलं नसायचं. तरी मी हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, अशी त्यांची गत झाली होती. एकदा मीच सांगितलेला एक पत्ता चढवताना त्यांना सर्व्हरच्या खोलीत नुसतं उभं पाहिलं, हात कीबोर्डवर, बोटं हलत नाहीत. "आकडा आठवतोय," म्हणाले, "पण बरोबर आठवतोय का, ते कळंना." तो आकडा बरोबर होता. मी म्हटलं, बरोबर आहे काका. त्यांनी वही उघडून तपासला, आणि मगच चढवला.

रोज संध्याकाळी ठरवायचे, उद्या सांगायचं. सकाळी उठून डबे, मुलीची तयारी, बस, आणि ऑफिसात पोचले की सरळ कामाला लागायचे. मी दुष्ट आहे असं मला वाटत नाही. भित्री आहे, आणि दुसऱ्याचं नुकसान करायला तेवढं पुरतं.

एक दिवस काका आले, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "माझ्या हातनं आणखी काय तरी मोठं व्हायच्या आत सुटलेलं बरं." शेठनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा अडवलं नाही. समोसे मागवले, शाल दिली. मीही चार शब्द बोलले त्यांच्याविषयी. काय बोलले ते मला लिहवत नाही.

ते गेल्यावर मी सगळे पत्ते फाइलमध्ये घातले. शोधता शोधता कळलं की लिनक्समध्ये एक छोटी सेटिंग असते. ती चालू केली की पहिला पत्ता काढला तरी बाकीचे जात नाहीत, दुसरा आपोआप मुख्य होतो. ना काकांना ती माहीत होती ना मला. एक ओळ. चहा थंड व्हायच्या आत काम झालं.

दोन वर्षं गेली. परवा वाशीच्या बाजारात मेथी निवडताना काकांच्या बायकोची गाठ पडली. ऑफिसच्या एका कार्यक्रमात ओळख झाली होती. काका कसे आहेत विचारलं, तर काकू म्हणाल्या, "घरातनं भायेर पडत नाहीत. रस्ता इसरंन म्हणत्यात." डॉक्टरकडे नेलं होतं. डोक्याचा फोटो काढला, प्रश्न विचारले, सगळं ठीक निघालं. काका डॉक्टरवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणतात, म्हाताऱ्याचं मन राखायला सांगतात तसं.

मी मेथी तिथेच ठेवली. रविवारी त्यांच्या घणसोलीच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर. आणि जागोजागी चिठ्ठ्या. गॅसच्या वर, दाराच्या कडीपाशी, औषधांच्या डब्यावर, सगळ्या काकांच्या ठसठशीत अक्षरात. ते मला बघून खूश झाले. बारीक झाले होते. मशीनची चौकशी केली, माझ्या मुलीची केली, तिचं नावसुद्धा बरोबर घेतलं आणि लगेच काकूंकडे बघितलं, बरोबर घेतलं ना म्हणून.

मी प्रस्तावना केली नाही, ती करत बसले असते तर पुन्हा राहिलं असतं. म्हटलं, "काका, तुम्ही मला सांगितलं होतं. पहिला पत्ता काढू नका म्हणून. बेसिनपाशी, डबा धुताना. मी ऐकलं होतं, मला आठवतही होतं. शेठसमोर मी खोटं बोलले."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते रागासारखं काही नव्हतं. हसू होतं, समजूतदार.

"तुमी लई चांगल्या हाय, ताई," ते म्हणाले. "हिनं बाजारात रडगाणं गायलं असंल, म्हणून आला तुमी."

"काका, खरंच सांगतेय. दवाखान्यातून तुम्ही सतरा पत्ते पाठ सांगितलेत मला, एक चुकला नाही. असा माणूस कसं विसरेल?"

"ते जुनं होतं. जुनं सगळ्यांना आठवतं. आदल्या दिवशीचं जातं, हे असंच सुरू होतं म्हणे." त्यांनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं. "माझ्यासाठी अंगावर घेऊ नका. तुमच्यावर कशाला बट्टा?"

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. डब्याच्या झाकणाचं सांगितलं, ते काय म्हणाले ते शब्द सांगितले. दर वेळी ते आणखी मायेने मान हलवत होते. ज्या दिवशी मी खोटं बोलले त्या दिवशी ह्या माणसाने माझा एक शब्द लगेच खरा मानला होता. आता रडून खरं सांगत होते, तर मानायला तयार नव्हते.

काकू खालपर्यंत सोडायला आल्या. बिल्डिंगच्या गेटपाशी थांबून त्यांनी विचारलं, "खरं हाय का हे?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना पटलं, हे मला दिसलं.

"मला पटून काय उपेग," त्या म्हणाल्या. "आता परत येऊ नका, ताई. तुमी असं काही सांगून गेलात की त्यांना वाटंल, आपलं डोकं इतकं गेलंय की लोक खोटं बोलून समजूत काढायला लागलेत."

मी हो म्हटलं आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.